एक मुलगी जास्त

मायकल हेहिर नावाच्या माणसाने माझे सात महिने खाल्ले. माणूस मरून सव्वाशे वर्षं तरी झाली असावीत, त्यामुळे समोर उभं करून भांडायचीही सोय नाही.

हे लचांड शेजारधर्मातून गळ्यात पडलं. आम्ही एनिसला राहतो. सतीश, म्हणजे माझा नवरा, रोज गाडीने शॅननला कामाला जातो. मी घरी बसून डब्लिनच्या एका कंपनीचा डेटा साफ करते. एकाच माणसाच्या चार नोंदी असल्या तर तीन उडवायच्या, बापापेक्षा मोठा मुलगा सापडला तर पकडायचा, जिथे आकडे जुळत नाहीत तिथे लाल खूण करायची. नागपूरला माझी आई लोकांना सांगते, आमची सुलेखा आयर्लंडमध्ये कॉम्प्युटरची धुणीभांडी करते. सांगताना तिला अभिमानच असतो, पण शब्द हेच.

आमच्या भिंतीला लागून नोरा कॉन्सिडाइन यांचं घर. वय त्र्याऐंशी, नजर अधू, जीभ शाबूत. "मला नोरा म्हण, मिसेस कॉन्सिडाइन माझी सासू होती," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. तोंडावर मी नोरा म्हणते, पण मनात त्या माझ्या नोराबाईच आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा डेक्लन सुतारकाम करायचा. इथली बांधकामं बंद पडली तेव्हा, २०१० साली, तो ऑस्ट्रेलियात पर्थला गेला. दर रविवारी सकाळी फोन करतो. एवढ्या वर्षांत एकदाच येऊन गेला, तोही दहा दिवस. त्याच्या खोलीतला हीटर नोराबाई रोज संध्याकाळी तासभर लावतात, ओल धरू नये म्हणून.

२०१५च्या सप्टेंबरात एका दुपारी त्या घरी भाजलेला ब्राउन ब्रेड घेऊन दारात उभ्या राहिल्या. इकडे कोणी ब्रेड घेऊन आलं की समजावं, काम आहे.

"तू कॉम्प्युटरवाली ना? मला एक माणूस शोधून दे."

"कोण माणूस?"

"मायकल हेहिर. माझ्या पणजीचा बाप."

मग चहा झाला आणि गोष्ट बाहेर आली. १८३७ सालच्या वसंतात मायकल आणि त्याची बायको मेरी इथल्याच क्लेअर परगण्यातून अमेरिकेला निघाले. थोरला थॉमस सात वर्षांचा, पॅट्रिक पाचाचा, त्या दोघांना बरोबर घेतलं. होनोरा दीड वर्षाची आणि सारखी आजारी. बोटीत टिकायची नाही म्हणून तिला आजीपाशी ठेवलं. बस्तान बसलं की बोलावून घेतो, म्हणाले. इलिनॉयमध्ये कालवा खणायचं काम निघालंय, तिथे लागलो आहोत, असं एक पत्र आलं. पुढे जमीन घेऊ, असंही त्यात होतं. म्हणजे त्या गवताळ रानात ज्यांनी पहिला नांगर घातला, पायोनियर म्हणून ज्यांचा तिकडे मान आहे, त्यांतलं हे एक घर झालं असावं. किंवा वाटेत कुठे तापाने मेलं असावं. पुढे पत्र नाही, निरोप नाही. होनोरा इथेच वाढली, दुष्काळात आजीला पुरून जगली, इथेच लग्न केलं, इथेच गेली.

"आमच्या घरात कोणी पोकळ वचन दिलं की म्हणतात, येईल हं, होनोराची बोट येईल," नोराबाई म्हणाल्या. "माझ्या आजीने त्या दोघांना शिव्या घातल्या, आईने घातल्या, मीही घातल्या. पोटची पोर विसरले म्हणून. आता माझे किती दिवस राहिले? ते विसरले की नाही, एवढं मला कळायला हवं. विसरले नसतील तर शिव्या परत घ्यायला हव्यात. तोंडात शिवी घेऊन वर जायचं नाही मला."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. माझ्याकडे एक नोकरी, एक नवरा, एक पोरगी आणि सदा तुंबलेलं किचनचं सिंक आहे. पण 'दीड वर्षाची' हे शब्द कानात अडकले.

आम्ही दोघं नोव्हेंबर २०१० मध्ये आयर्लंडला आलो तेव्हा श्रावणी पावणेदोन वर्षांची होती. नोकरी नवी, डब्लिनजवळ ब्लँचर्डस्टाउनला भाड्याची एक खोली, दोघांच्याही कामाच्या वेळा विचित्र. तिला नागपूरला माझ्या आईपाशी ठेवलं. सहा महिन्यांत आणू म्हणालो आणि आणायला सोळा महिने लागले. सतीश जाऊन तिला घेऊन आला तेव्हा विमानतळावर ती माझ्या कडेवर यायला तयार नव्हती, सतीशच्या पायाला मिठी मारून माझ्याकडे पाहत होती. आज ती सात वर्षांची आहे. माझ्या आईला ती 'आई' म्हणते आणि मला 'मॅम', इथल्या मुलांसारखं. लोकांना वाटतं, आयरिश वळण. वळण कुठून लागलं ते मला ठाऊक आहे.

हे मी नोराबाईंना सांगितलं नाही. पण मेरी हेहिर आपल्या पोरीला विसरली नव्हती, हे सिद्ध व्हावं असं त्यांच्यापेक्षा मलाच जास्त वाटत होतं. म्हणून 'हो' म्हणून बसले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मला वाटलं होतं आठ दिवसांचं काम. जनगणनेचे कागद ऑनलाइन आहेत, नाव टाकायचं, माणूस काढायचा. पण आयर्लंडच्या जुन्या खानेसुमारीचे कागद १९२२ साली डब्लिनमध्ये लागलेल्या आगीत गेलेले. काही तर त्याआधीच सरकारने रद्दीत घातलेले. उरलं काय, तर चर्चमधली बाप्तिस्म्यांची पुस्तकं. ती त्याच वर्षी ऑनलाइन आली होती, हे नशीब. लॅटिन, त्यात शाई फुटलेली, त्यात पाद्र्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तीन आठवडे डोळे फोडून मी थॉमस, पॅट्रिक आणि होनोरा या तिघांच्या नोंदी काढल्या. होनोरा, ऑक्टोबर १८३५. आई मेरी, बाप मायकल. नोराबाईंना फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या, "हे मला आधीच माहीत होतं."

अमेरिकेकडे वळले तर तिकडे वेगळंच. १८४० च्या शिरगणतीत फक्त कर्त्या पुरुषाचं नाव लिहायचे. बाकी सगळं घर म्हणजे रकान्यांतले आकडे: पाच वर्षांखालची मुलं किती, मुली किती, दहाच्या आतली किती. बायकोला नाव नाही, पोरांना नाव नाही. दिवसभर मी चिडचिड करत घरातून फिरायची. सतीश म्हणाला, "तुझ्या बाबांच्या रेशनकार्डावर निदान सगळ्यांची नावं तरी आहेत." हे खरंच आहे. त्या कार्डावर माझं नाव अजून आहे, माझ्या अमेरिकेतल्या भावाचं आहे, आणि मला वाटतं वारलेल्या आत्याचंही आहे. आमच्याकडे माणूस गेलं तरी कार्डावरून हलत नाही.

मायकल हेहिर एकच असता तर गोष्ट वेगळी. एकट्या इलिनॉयमध्ये चार निघाले, इंडियानात दोन. प्रत्येक कारकुनाने आडनाव आपापल्या कानाला ऐकू येईल तसं लिहिलेलं. मी तक्ता केला. आपल्या घरात १८४० साली काय असायला हवं? नवरा, बायको, थॉमस, पॅट्रिक, आणि झालं तर अमेरिकेत जन्मलेलं एखादं बाळ. या तक्त्यावर एकेक घर ठेवून पाहायचं. माझा नियम साधा आहे: एक जरी आकडा जुळला नाही तरी घर बाद. याच नियमावर मला पगार मिळतो.

चार घरं पहिल्याच फेरीत बाद झाली. पाचवं आणखी महिनाभर खेळवून बाद झालं. त्यातला मायकल लग्न न झालेला, सत्तर वर्षांचा निघाला. सहावं मात्र कालव्याच्या काठचंच होतं. नवरा तिशी-चाळिशीतला, बायको विशी-तिशीतली, मुलगे दोन, वयं बरोबर. आणि पाच वर्षांखालच्या मुली: दोन. याच घराची १८५०ची नोंद मिळाली. त्या सालापासून सगळ्यांची नावं लिहू लागले होते. मायकल, मेरी, थॉमस वीस, पॅट्रिक अठरा, दोघेही आयर्लंडचा जन्म. ब्रिजेट बारा, कॅथरिन आठ, जेम्स चार, जन्म इलिनॉय. मग खालची ओळ वाचली. होनोरा, चौदा, जन्म आयर्लंड.

मी खुर्चीवरून उठून सिंकपाशी गेले आणि एकही भांडं नसताना नळ सोडून उभी राहिले. आपली होनोरा तर इथे, क्लेअरमध्ये! तिचं लग्न इथल्या चर्चच्या पुस्तकात आहे, तिची कबर नोराबाईंनी मला स्वतः दाखवली आहे. जी इथे आहे ती तिथे कशी असेल? म्हणजे हे भलतंच घर. आणि बाकीची पोरं वयाप्रमाणे ओळीने लिहिलेली असताना ही चौदाची सगळ्यांत खाली, चार वर्षांच्या जेम्सच्याही नंतर. म्हणजे पोटची नाहीच. कोणी पुतणी असेल, नाहीतर कामाला ठेवलेली. त्या काळी नातं लिहायचे नाहीत. १८४०ला सुद्धा एक मुलगी जास्तच होती. घर बाद. लाल खूण.

त्यानंतर मी पेनसिल्व्हेनिया पाहिलं, ओहायो पाहिलं, कॅनडासुद्धा सोडला नाही. आई फोनवर म्हणायची, "अगं, काय शोधून राहिली तू एवढं? तुझे कोण लागतात ते?" दर गुरुवारी नोराबाई कचऱ्याचे डबे बाहेर काढायला यायच्या आणि भिंतीवरून विचारायच्या, "काही खबर?" शेवटी फेब्रुवारीत मी कचऱ्याचा डबा हातात धरूनच सांगून टाकलं.

"नोरा, नाही सापडत. मला वाटतं, नाहीच सापडणार. मी पुन्हा एकदा पाहीन, पण..."

"ग्रँड," त्या म्हणाल्या. या देशात ग्रँड या शब्दाचा अर्थ उत्तम, ठीक, चालेल, गप्प बस, यांतला कुठलाही होतो. मग आत जाताजाता, मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाल्या, "होनोराची बोट."

मी संतापले. सात महिने नाही झाले तरी पाच झाले होते, फुकट, डोळ्यांची वाट लावून! घरात येऊन सतीशला सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "म्हातारी आहे गं, सोड ना यार." म्हातारी आहे म्हणूनच सोडता येत नव्हतं. मार्चमध्ये त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते काही नीट उतरलं नाही. आता त्यांना मी पान दाखवलं असतं तरी ते दिसलं नसतं.

चोवीस एप्रिलला रविवार होता आणि त्या रात्री आयर्लंडची जनगणना होती. प्रत्येक घरी जाडजूड फॉर्म देऊन गेले होते. त्या रात्री घरात जो असेल त्याला लिहायचं, नसेल त्याला नाही. संध्याकाळी चहा झाल्यावर सतीशने फॉर्म टेबलावर पसरला. श्रावणी शेजारी बसून ओजस नावाच्या वर्गमित्राचं चित्र काढत होती, त्याला मिशा लावत होती.

"या वेळी मी भरतो," सतीश म्हणाला. "तुझा काही भरवसा नाही. मागच्या वेळी खाडाखोड करायला लावलीस त्या बिचारीला."

"कोणाला?"

"अगं, ब्लँचर्डस्टाउनला! २०११ला. मी दोघांची नावं लिहून ठेवली आणि आंघोळीला गेलो. बाहेर येतो तर खाली तिसरं नाव. श्रावणी. फॉर्म न्यायला आलेली बाई विचारते, लिटल वन कुठेय? तू म्हणालीस, नागपूरला."

मला आठवलं. इतकी वर्षं मी ते आठवायचं टाळलं होतं. ती बाई पन्नाशीची होती, अंगात हिरवा रेनकोट. तिने आमच्या खोलीत नजर फिरवली, एक पलंग, एक सूटकेस, खिडकीत वाळत घातलेले मोजे. "शी'ज ग्रँड व्हेअर शी इज, लव्ह," म्हणाली, "पण मला तिला मोजता नाही यायचं." आणि खिशातून पेन काढून तिने ते नाव खोडलं. हळूच खोडलं, पट्टी धरल्यासारखं सरळ. त्यानंतर मी दोन दिवस सतीशशी बोलले नव्हते. त्याचा काय दोष होता, देव जाणे.

"मी तिला खाली का लिहिलं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"सगळ्यांत खाली का लिहिलं?"

"वरती आपण दोघं होतो म्हणून. जे आहेत ते आधी लिहिले, मग तुला राहवलं नाही." सतीशने पेनचं टोपण लावलं. "सुलेखा, काय झालं?"

मी लॅपटॉप आणायला पळाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही ओहायो-कॅनडामार्गे! लाल खूण केलेलं पान उघडलं. मायकल, मेरी, थॉमस, पॅट्रिक, ब्रिजेट, कॅथरिन, जेम्स. जे आहेत ते आधी. मग खाली, होनोरा, चौदा. शेजारी शाळेचा रकाना होता, वर्षभरात शाळेत गेलेल्या पोरांपुढे खूण करायचा. ब्रिजेटपुढे खूण, कॅथरिनपुढे खूण. होनोरापुढे काही नाही. मी आधी वाटून घेतलं होतं, कामवाली पोर, तिला कोण शाळेत घालतंय. आता बाप्तिस्म्याची तारीख पुन्हा पाहिली. ऑक्टोबर १८३५ म्हणजे जून १८५०ला, गणती झाली तेव्हा, चौदा पूर्ण. एका वर्षाचीही चूक नाही. दारात आलेल्या कारकुनाला कोणीतरी तिचं वय न चुकता सांगितलं होतं. आणि १८४०ला तीच दुसरी मुलगी, पाच वर्षांखालची. सगळे आकडे जुळत होते. फक्त मी ज्याला चूक समजत होते ती चूक नव्हती.

"मॅम, व्हाय आर यू क्राइंग?" श्रावणीने विचारलं.

"डोळे दुखतायत," मी म्हणाले आणि लॅपटॉप तसाच उघडा घेऊन नोराबाईंकडे गेले.

संध्याकाळचे सात वाजत आले होते, बाहेर लख्ख उजेड होता. त्या किचनमध्ये बसल्या होत्या. मी पान वाचून दाखवलं, दोनदा. प्रत्येक नाव, प्रत्येक वय. मी सांगितलं, हे कोर्टात टिकणार नाही, पण माझी खात्री आहे. तेरा वर्षं झाली होती तिला सोडून. तरी घरात कोण कोण आहे असं विचारल्यावर त्यांनी तिला मोजलं. दोन्ही वेळेला मोजलं.

मला वाटलं होतं, त्या रडतील. माझा हात हातात घेतील.

नोराबाई बराच वेळ टेबलावरचे ब्रेडचे कण बोटाने गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे नाव सांगायला तोंड होतं, आणि न्यायला यायला पाय नव्हते?"

"नोरा, १८५० साल होतं! मध्ये दुष्काळ झाला, समुद्र होता, पत्रं पोचत नव्हती..."

"बोटी चालू होत्या. अर्धं क्लेअर त्या बोटींनी गेलं."

"तुम्हाला काय ठाऊक त्यांचं कसं चाललं होतं? तुम्हाला काय ठाऊक, पोर मागे ठेवून दुसऱ्या देशात राहायचं म्हणजे काय असतं?" माझा आवाज कधी चढला मला कळलं नाही. "रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तेच आठवतं! ताटात वाढताना तेच! मी ठेवली होती माझी पोरगी. मीही लिहिलं होतं तिचं नाव, इथल्याच फॉर्मवर, आणि त्या बाईने माझ्यादेखत खोडलं! विसरणारी बाई नाव लिहीत नाही, नोरा!"

एवढं बोलून मी थांबले. शेजारच्या त्र्याऐंशी वर्षांच्या बाईच्या घरात येऊन मी तिच्यावर ओरडत होते. माझ्या आईला कळलं असतं तर तिने माझं थोबाड रंगवलं असतं.

नोराबाईंनी तोंड माझ्याकडे केलं. दिसत त्यांना फारसं नव्हतंच.

"किती दिवस ठेवलीस?"

"सोळा महिने."

"मग आणलीस?"

"आणली."

"मग माझ्यावर कशाला ओरडतेस? ओरडायचं तर मेरी हेहिरवर ओरड. तिने नाही आणली." त्यांनी गोळा केलेले ब्रेडचे कण तळहातावर घेतले आणि सावकाश उठून सिंकमध्ये टाकले. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "विसरल्याच्या शिव्या मी परत घेते. न आणल्याच्या ठेवते. आणि तुझे उपकार मानते. बस, चहा टाकते."

सात महिने मी ज्या क्षणाची वाट पाहत होते तो हा असा आला आणि गेला. मला काय हवं होतं? मेरीला कोणीतरी माफ करावं, म्हणजे माझंही त्यात निभून जाईल, असंच काहीतरी. म्हातारीने ते ओळखलं आणि दोन्ही हिशेब वेगळे करून माझ्यासमोर ठेवले. मी रागावलेलीच होते, पण आता कोणावर ते मला सांगता आलं नसतं.

चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "प्रेसमध्ये वरच्या फळीवर फॉर्म आहे बघ. मी भरलाय, पण अक्षरं ओळीबाहेर गेली का ते एकदा बघ. तुझं कामच ते."

प्रेस म्हणजे इकडे कपाट. बशांच्या मागून मी फॉर्म काढला. मोठी मोठी थरथरती अक्षरं, काही चौकटीबाहेर गेलेली, पण वाचता येत होती. व्यक्ती पहिली, नोरा कॉन्सिडाइन, जन्म १९३२, विधवा. मी पान उलटलं. व्यक्ती दुसरी. डेक्लन कॉन्सिडाइन. जन्मतारीख, दिवस-महिना-सालासकट. पहिल्या व्यक्तीशी नातं, मुलगा. धंदा, सुतार. पुढे प्रश्न होता, तुम्ही नेहमी कुठे राहता? त्यातला पहिलाच चौकोन, 'इथे, याच पत्त्यावर'. त्या चौकोनात पेन दाबून दाबून काढलेली फुली होती, मागच्या पानावर उमटलेली.

"नोरा," मी म्हणाले, "डेक्लन तर पर्थला आहे ना?"

"तो कुठे आहे ते मला ठाऊक आहे."

पलीकडच्या खोलीत हीटरचा टकटक आवाज येत होता. नोराबाईंचा हात टेबलावर होता, तळवा वर केलेला, पेन माझ्याकडे धरलेलं. "कुठे चुकलं असेल तर दुरुस्त कर. मला आता खोडाखोड दिसत नाही."

मी पेन घेतलं. अशी नोंद मी दिवसाला चाळीस वेळा उडवते, विचारही करत नाही. त्या हिरव्या रेनकोटवालीनेही केला नव्हता, तिचं कामच ते होतं, आणि उद्या-परवा इथल्या फॉर्मसाठी कोणी येईल त्याचंही असेल. त्याने काय करायचं ते तो ठरवेल. मी पेनाला टोपण लावलं.

"बरोबर आहे सगळं?" त्यांनी विचारलं.

"ग्रँड," मी म्हणाले.

हे कागद शंभर वर्षं बंद ठेवून मग लोकांसाठी उघडतात. तेव्हा माझ्यासारखी कोणी बाई डेक्लन कॉन्सिडाइनला शोधायला बसेल. तो त्याच वर्षी तिला पर्थच्या कागदांतही सापडेल आणि एनिसच्याही. आकडे जुळणार नाहीत. ती बाई डोकं धरून बसेल, घर बाद करेल, पुन्हा पुन्हा तपासेल, आणि हा फॉर्म ज्याने तपासला त्याच्या नावाने बोटं मोडेल.

मोडू दे. मी फॉर्मची घडी घातली आणि बशांच्या मागे होता तिथे ठेवून दिला.